शेवटच्या कडव्यातलं नाव

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. आधी रिलीज, मग रिलीजनंतरची निस्तरानिस्तरी, मग चार दिवस सुट्टी काढून गावी. असो. आजचा विषय गावीच सापडला, पण त्याची सुरुवात मात्र पुण्यातल्या फ्लॅटवर झाली.

माझ्या रूममेटला रॅपचा किडा चावलाय. साधासुधा नाही, 'सदर्न रॅप'चा. म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या अटलांटा, ह्यूस्टन, मेम्फिस, न्यू ऑर्लिन्स या शहरांतलं रॅप. रविवारी सकाळी माणसं भूपाळ्या लावतात, आमच्याकडे आउटकास्ट वाजतं. सुरुवातीला मला यातलं ओ की ठो कळायचं नाही. शब्द तर नाहीच, सगळे एकसारखेच वाटायचे. मग एकदा पोहे खाता खाता त्यानं मला या मंडळींचा इतिहास सांगितला आणि मी जरा सरसावून बसलो.

गोष्ट थोडक्यात अशी. रॅपचा जन्म न्यू यॉर्कचा. ११ ऑगस्ट १९७३ रोजी ब्राँक्स भागातल्या एका इमारतीत डीजे कूल हर्क नावाच्या पोराच्या बहिणीनं पार्टी ठेवली होती, तिथून हिप-हॉपची कुंडली मांडतात. नंतर लॉस एंजेलिसनं आपला वेगळा सुभा उभा केला. पुढची बरीच वर्षं रॅप म्हणजे ही दोनच शहरं. दक्षिणेतली पोरं म्हणजे गावंढळ, शब्द लांबवून बोलणारी, यांना काय जमणार! ३ ऑगस्ट १९९५ ला न्यू यॉर्कमधल्या 'सोर्स' मासिकाच्या पुरस्कार सोहळ्यात अटलांटाच्या आउटकास्टला नवोदितांचा पुरस्कार मिळाला, तर प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. त्यातल्या आंद्रेनं माईकवर तेवढंच सांगितलं, की दक्षिणेलाही काही म्हणायचं आहे. फेब्रुवारी २००४ मध्ये त्याच आउटकास्टला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी मिळालं.

आता हे सगळं यवतमाळ जिल्ह्यातल्या माणसाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. पुण्यात पहिल्या वर्षी मी "मी जेवून राह्यलो" म्हटलं की अख्खा ग्रुप हसायचा. हसण्यात वाईट काही नव्हतं, पण दोन महिन्यांत मी "मी जेवतोय" म्हणायला शिकलो हेही खरं. त्यामुळे ती हुर्यो मला लगेच कळली.

पण अडकलो मी दुसऱ्याच गोष्टीत. रूममेटला विचारलं, "हे लोक गाण्यात सारखं स्वतःचं नाव का घेतात रे?" तो म्हणाला, "पहिल्यापासून तसंच आहे. कोण बोलतोय ते कळायला नको?"

आणि मला एकदम आमच्या आबाजींची वही आठवली.

*

आमचे आबाजी, म्हणजे माझ्या बाबांचे वडील, तालुक्याच्या गावी कापसाच्या जिनात हमाली करायचे. मी आठवीत असताना गेले. त्यांचं शिक्षण म्हणाल तर प्रौढशिक्षणाच्या रात्रीच्या वर्गापुरतं. पण त्यांच्याकडे एक दोनशेपानी वही होती आणि तिच्यात गाणी होती. भीमगीतं. कुणाच्या तोंडून ऐकलेली, कुणाच्या वहीवरून उतरवलेली, कॅसेट मागे-पुढे करत लिहून घेतलेली. १४ एप्रिलच्या आधी आठ दिवस ती वही पेटीतून बाहेर यायची आणि गल्लीतली पोरं चाल बसवायला आमच्या ओट्यावर जमायची.

लहानपणी मला एक गोष्ट कळायची नाही. बहुतेक गाण्यांच्या शेवटच्या कडव्यात 'वामन' नावाचा कुणीतरी इसम यायचा. गाणं बाबासाहेबांचं, मध्येच हा वामन कोण? मी त्याला आबाजींचा मित्र समजायचो!

तो वामन म्हणजे वामन तबाजी कर्डक. अख्ख्या महाराष्ट्राचे वामनदादा. आमच्या आबाजींचा आवडता रॅपर, असं म्हटलं तर रूममेट खूश होईल आणि आबाजी काठी घेऊन मागे लागतील. पण मला विचाराल तर तुलना अगदीच ओढूनताणून आणलेली नाही. कशी, ते सांगतो.

वामनदादांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ चा, नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नर तालुक्यातल्या देशवंडी गावचा. पोटासाठी मुंबईला आले, शिवडीच्या बीडीडी चाळीत राहिले. गिरणीत काम केलं, कोळसा वेचला, चिक्की विकली, आइसफ्रूट विकलं, टाटा ऑइल कंपनीत नोकरी केली. विशीत येईपर्यंत अक्षरओळख नव्हती. समता सैनिक दलात ते जात होते, अंगानं धट्टेकट्टे, लाठी फिरवायचे. त्या दिवसांतला एक प्रसंग त्यांच्या चरित्रात हमखास येतो. एकानं त्यांच्यासमोर पत्र धरलं आणि म्हणाला, जरा वाचून दाखवा. यांना वाचता येत नव्हतं. त्या शरमेनं ते रडले. मग देहलवी नावाच्या मास्तरांनी त्यांना अक्षरं शिकवली. पुढचा अभ्यास मुंबईच्या रस्त्यांवर झाला, दुकानांच्या पाट्या वाचत वाचत.

आता पुढची तारीख बघा. ३ मे १९४३. या दिवशी त्यांनी पहिलं गाणं रचलं. एका हिंदी गाण्याचं विडंबन. अक्षरं हाताशी येऊन फार दिवस झाले नव्हते आणि हा माणूस कवी झाला! पुढची साठ वर्षं तो थांबला नाही. त्यांनी दहा हजारांच्या आसपास गाणी लिहिली असं सांगतात. आकडा कुणी मोजून ताडून पाहिलाय का ते सोडा, पण महाराष्ट्रातल्या ज्या ज्या वस्तीत जयंतीचा मांडव पडतो तिथे त्यांचं एक तरी गाणं वाजतंच.

*

'चाल उसनी' हा मुद्दा इथे महत्त्वाचा. वामनदादांच्या कितीतरी गाण्यांच्या चाली सिनेमाच्या, लोकगीतांच्या, कव्वालीच्या. नाकं मुरडणारे यालाच नाक मुरडतात. पण त्यामागचं गणित साधं आहे. ज्या वस्तीत पेटी-तबला विकत घ्यायला पैसे नाहीत, नोटेशन वाचणारा कुणी नाही, तिथे नवी चाल शिकवायची कशी? सिनेमाची चाल मात्र हॉटेलातल्या रेडिओनं फुकट पाठ करून घेतलेली असते. तिच्यावर आपले शब्द बसवले की संध्याकाळपर्यंत अख्खी वस्ती गाते. ब्राँक्समधल्या पोरांनी हेच केलं. वाद्यं परवडत नव्हती, घरात जुन्या रेकॉर्डी होत्या, त्यातला ठेक्याचा तुकडा पुन्हा पुन्हा फिरवला आणि त्यावर ते बोलायला लागले. आमच्या धंद्यात याला रीयूज म्हणतात आणि त्याचं कौतुक करतात!

(१९९१ साली न्यू यॉर्कच्या कोर्टानं परवानगीशिवाय दुसऱ्याच्या रेकॉर्डचा तुकडा वापरणं बेकायदा ठरवलं, तेव्हा रॅपवाल्यांची मोठी पंचाईत झाली. आमच्या मांडवात अशी नोटीस घेऊन कुणी आल्याचं मला तरी ठाऊक नाही.)

दुसरं साम्य मुकाबल्याचं. विदर्भात कव्वालीचा मुकाबला ज्यानं पाहिलाय त्याला 'रॅप बॅटल' समजावून सांगायची गरज नाही. स्टेजवर दोन पार्ट्या. पेटी, ढोलक, बेंजो, मागे कोरस. एकानं गाण्यातून सवाल टाकायचा, दुसऱ्यानं गाण्यातूनच तो परतवायचा. रात्री दहाला सुरू झालेलं पहाटेपर्यंत. नागोराव पाटणकरांसारख्या विदर्भातल्या कव्वालांची नावं आमच्याकडे आजही आदरानं घेतात. त्याच्याही आधी कलगी-तुऱ्याचे शाहीर हेच करत होते. तेव्हा शब्दांची कुस्ती आम्हाला कुणी अमेरिकेतून येऊन शिकवलेली नाही.

शिवाय हे नुसतं करमणुकीचं काम नव्हतं. वामनदादांच्या आधीपासून आंबेडकरी जलसे होते, भीमराव कर्डकांचा जलसा त्यांतला नावाजलेला. त्याआधी सत्यशोधकांचे जलसे. ज्या लोकांपर्यंत वर्तमानपत्र पोचत नव्हतं आणि पोचलं तरी वाचता येत नव्हतं, त्यांच्यापर्यंत चवदार तळं, काळाराम मंदिर, पुणे करार हे सगळं ढोलकीवर बसून पोचलं. आमच्या आबाजींना भारताच्या घटनेबद्दल जे काही ठाऊक होतं ते गाण्यांमधून. नंतर मला शाळेच्या पुस्तकात नागरिकशास्त्र आलं तेव्हा ते म्हणाले होते, "थे आमी गाऊन राह्यलो न् बे कवाचं!"

*

तर यावेळी गावी गेल्यावर मी माळ्यावर चढलो. बाबा खालून ओरडले, "काय शोधून राह्यला बे?"

"आबाजींची वही."

"थे टीनाच्या पेटीत असन पाय. उंदरानं खाल्ली नसन तं."

खाल्ली होती, पण कडेकडेनं. वही घेऊन ओट्यावर बसलो. पहिल्याच पानावर आबाजींनी स्वतःचं नाव ओळीनं दहा-बारा वेळा लिहिलेलं. पहिली दोन-तीन वाकडी, एकीत काना राहून गेलेला, शेवटची दोन ठसठशीत. सही गिरवत होते. हे पान मी लहानपणी नक्कीच पाहिलं असणार, पण तेव्हा ते रिकामं पान वाया घालवल्यासारखं वाटलं असेल.

पुढे गाणी. आणि बहुतेक गाण्यांत शेवटच्या कडव्यातला 'वामन' हा शब्द लाल शाईनं लिहिलेला. बाकी सगळं निळं, तेवढा एक शब्द लाल.

घरात एक जुनी कॅसेटही सापडली. टेप बंद, पण त्यातलं एक गाणं बाबांना पाठ होतं. कव्हरवर गायकाचा फोटो, गायकाचं नाव, खाली किंमत. गीतकाराचं नाव कुठेच नाही. बाबांनी गाणं म्हणून दाखवलं, मी वहीत बोट ठेवून ऐकत होतो. शेवटच्या कडव्याला आलो आणि अडलो. वहीत जिथे लाल शाईत 'वामन' होतं तिथे बाबा वेगळंच नाव गात होते. कॅसेटवाल्यानं आपलंच नाव तिथे बसवलं होतं. मात्रा बरोबर जुळत होत्या, काही बिघडलं नव्हतं.

मी म्हटलं, "बाबा, हे तर चुकीचं आहे."

बाबा म्हणाले, "आबाजी याच्याच पायी भांडले होते न् तवा. मांडवात एका पार्टीनं असंच नाव बदलवून म्हटलं, तं आबाजी मंधातच उठून उभे राह्यले. लोक म्हने बसा बुढेबाबा, काहून खोटी करता. हे बसेच ना."

मला ही गोष्ट माहीतच नव्हती. आबाजी म्हणजे मवाळ माणूस. जिनात मुकादमानं दोन शब्द जास्त बोलले तरी मान खाली घालून पुढचं पोतं उचलणारे. ते भर मांडवात, कार्यक्रम थांबवून, एका शब्दासाठी उभे राहिले. त्यातही गंमत अशी की मांडवात देणगी देणाऱ्या प्रत्येकाचं नाव माईकवरून पुकारतात. अमक्याकडून अकरा रुपये, तमक्याकडून एकवीस. अकरा रुपयांना नाव मिळतं, आणि गाणं लिहिणाऱ्याला नाही, हे आबाजींना सहन झालं नसावं.

*

शेवटी नाव गुंफायची रीत आपल्याकडे जुनीच. 'तुका म्हणे', 'नामा म्हणे', 'म्हणे चोखा'. शाहिरांनी ती चालवली, गझलवाल्यांमध्येही आहे. छापखाना नव्हता तेव्हाचा तो कॉपीराइट. गाणं तोंडातोंडी फिरणार, कागद हरवणार, तेव्हा नाव कागदावर ठेवून उपयोग नाही. ते गाण्याच्याच आत, यमकात अडकवून ठेवायचं, म्हणजे काढायला गेलं तर कडवं तुटेल. आम्ही कोडच्या फाईलवर वरती कॉमेंटमध्ये नाव लिहितो, ते कुणीही एका सेकंदात उडवतो. या लोकांनी ते लॉजिकमध्येच घातलं.

पण वामनदादांच्या बाबतीत मला यात आणखी काही दिसतं. हा माणूस विशीपर्यंत अंगठेबहाद्दर होता. पत्र वाचता आलं नाही म्हणून रडला होता. त्याला अक्षरं मिळाली आणि त्यानं हजारो वेळा काय केलं असेल तर सही केली. गाण्यागणिक एक. १९७७ साली आलेल्या त्यांच्या एका संग्रहाचं नावच 'हे गीत वामनाचे' असं आहे. ज्यांच्या बापजाद्यांची नावं फक्त सावकाराच्या वहीत सापडायची, त्यांच्यातल्या एकानं स्वतःचं नाव स्वतः लिहून गावोगावी पाठवलं. ते खोडणं म्हणजे त्या माणसाला परत अंगठ्यावर आणणं. आबाजी, जे स्वतः त्या वहीच्या पहिल्या पानावर सही गिरवत बसले होते, ते मांडवात का उभे राहिले असतील हे मला त्या ओट्यावर बसून कळलं.

*

आता जरा १९७३ कडे. त्या ऑगस्टमध्ये ब्राँक्समध्ये काय झालं ते वर सांगितलंच. त्याच १९७३ मध्ये आमच्या यवतमाळला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं होतं, अध्यक्ष ग. दि. माडगूळकर. आणि त्याच वर्षी वामनदादांचा पहिला संग्रह 'वाटचाल' छापून आला. पहिलं गाणं १९४३ ला, पहिलं पुस्तक १९७३ ला. मध्ये तीस वर्षं!

गदिमांबद्दल माझी काडीची तक्रार नाही. उलट सिनेमाची गाणी लिहिणारा माणूस साहित्याच्या सर्वोच्च व्यासपीठावर बसला याचा आनंदच आहे. म्हणजे गाणं हे साहित्य असू शकतं हे यवतमाळच्या मांडवात १९७३ लाच मान्य झालं होतं. फक्त ते कोणाचं गाणं, हा प्रश्न उरला. वामनदादांना त्या संमेलनाचं अध्यक्षपद कधीच मिळालं नाही. १९९३ साली आमच्या शेजारच्या वर्ध्याला पहिलं अखिल भारतीय आंबेडकरी साहित्य संमेलन भरलं, तेव्हा त्याचे अध्यक्ष मात्र वामनदादा होते. ज्या पंगतीत पान मांडलं जात नाही, तिच्या दाराशी उभं राहण्यापेक्षा आपली पंगत घालावी! दक्षिणेतल्या रॅपवाल्यांनीही शेवटी तेच केलं. न्यू यॉर्कच्या कंपन्या दार उघडेनात, तेव्हा स्वतःच कॅसेटी भरल्या आणि गाडीच्या डिकीतून विकल्या. ह्यूस्टनचा डीजे स्क्रू तर आपल्या करड्या रंगाच्या कॅसेटी घरूनच विकायचा. त्या कॅसेटींवरून कॅसेटी झाल्या आणि गावोगाव गेल्या. २००० साली तो गेला, पण त्या कॅसेटींतल्या पोरांनी घेतलेली एकमेकांची नावं अजून ऐकू येतात.

वामनदादा १५ मे २००४ ला नाशिकला गेले. आउटकास्टला ग्रॅमी मिळालं त्यानंतर तीनच महिन्यांनी. या दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी काडीचाही संबंध नाही हे मला कळतं. तरी त्या मी शेजारी शेजारी लिहून ठेवतो. त्यांचे शिष्य प्रतापसिंग बोदडे यांनी पुढे लिहिणं-गाणं चालू ठेवलं, तेही २०२२ मध्ये गेले. आता नागपूर-अमरावतीकडची पोरं मोबाईलवर बीट लावून मराठीत, हिंदीत, वऱ्हाडीत रॅप करतात. 'गली बॉय' २०१९ ला आला म्हणून त्यांना रॅप सापडलं असं लोक म्हणतात. मला वाटतं, अर्धं त्यांना आजोबांच्या ओट्यावर सापडलेलं असणार.

*

माझं स्वतःचंही एक सांगून टाकतो. कॉलेजात असताना हॉस्टेलवर माझ्या फोनमध्ये ही गाणी होती, पण फोल्डरचं नाव मी 'मिस्क' ठेवलं होतं. कुणी फोन हातात घेतला तर दिसू नये म्हणून. कुणी मला तसं करायला सांगितलं नव्हतं. एक-दोघांनी एकदा "कसली गाणी रे ही" म्हटलं, तेवढं पुरलं. म्हणजे आबाजी एका शब्दासाठी भर मांडवात उभे राहिले आणि त्यांचा इंजिनिअर नातू अख्खं फोल्डर लपवत होता. हे लिहिताना बरं वाटत नाहीये, पण लिहायलाच हवं होतं.

परत येताना वही घेऊन आलो. पानांचे फोटो काढून झालेत, आता रोज रात्री दोन पानं युनिकोडमध्ये टाइप करतोय. जिथे उंदरानं खाल्लंय तिथे जागा सोडतो, मनाचं काही घालत नाही. छापील संग्रह मिळवून ताडून बघायचं आहे, कारण आबाजींनीही ऐकताना चार शब्द इकडचे तिकडे केले असणारच. रूममेट परवा विचारत होता, हा लाल रंग कशाला ठेवलायस फाईलमध्ये? मी म्हटलं, तो काढायचा नाही.

तुमच्याही घरी माळ्यावर, पेटीत, आजीच्या गाठोड्यात अशी एखादी वही असेल. भीमगीतांची असेल, ओव्यांची असेल, भारुडांची असेल. मिळाली तर सगळ्यात आधी शेवटचं कडवं बघा. तिथे कुणीतरी सही करून ठेवलेली असते.

चला, उद्या सोमवार. नऊला स्टँडअप आहे. झोपतो.